रद्दीतली वही आणि लक्सरची सहल

हातात भाजी निवडायला घेतली असेल, शेंगा फोडत असाल, तर काम तसंच चालू द्या. ऐकायला कान पुरेत.

मागे एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत गोळा झाली आणि सचिव ताई इतिवृत्त लिहायला बसल्या. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "अगं, दर आठवड्याला तेच ते काय लिहिता? कोण आलं, कोण नाही आलं, कुणी किती दिले. वही भरली की रद्दीत जाणार. पुढं कोण वाचतंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला नीट उत्तर देता आलं नाही. परत येताना एसटीत उत्तर सुचलं. ते जरा लांबचं आहे, थेट इजिप्त देशातलं. म्हणून आज तुम्हा सगळ्यांना तिकडं एक दिवसाच्या सहलीला नेते. मी तिथं गेलेले नाही. बी. ए.ला इतिहास होता, तेव्हापासून या देशाबद्दल वाचत आले, त्याच भरवशावर आज वाट दाखवणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. इजिप्त म्हणजे वाळवंट आणि मधून वाहणारी एकच मोठी नदी, नाईल. पाऊस जवळजवळ नाहीच. पूर्वी नाईलला दरवर्षी पूर यायचा आणि काठावर काळा गाळ टाकून जायचा. त्या गाळावर शेती, आणि शेतीवर सगळा देश. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, तेव्हापासून तो पूर थांबला. पण आजही तिथं हिरवं शेत जिथं संपतं तिथंच वाळवंट सुरू होतं. एक पाय पिकात आणि एक पाय वाळूत ठेवून उभं राहता येतं.

राजधानी कैरो उत्तरेला आहे. पिरॅमिड तिथं जवळ आहेत. आपण मात्र दक्षिणेला सुमारे ६५० किलोमीटरवर लक्सर गावी जायचं. हे पूर्वीचं थीब्ज, राजांचं आणि देवांचं मोठं शहर. नदीच्या पूर्वेला सूर्य उगवतो, म्हणून तिकडं देवळं आणि जित्या माणसांची वस्ती. पश्चिमेला सूर्य मावळतो, म्हणून तिकडं मुख्यतः थडगी. या रचनेमुळं सहलीचेही दोन भाग पडतात. सकाळी पश्चिम काठ, दुपारनंतर पूर्व काठ. पश्चिमेचे डोंगर उघडेबोडके आहेत आणि उन्हाळ्यात पारा ४०च्या वर जातो, म्हणून वाटाडे पहाटेच निघायला लावतात. अंगात सुती कपडे, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली. आपल्याला रानात जायची सवय आहे, वेगळं काही सांगायला नको.

पश्चिम काठावर रस्त्याच्या कडेलाच पहिल्यांदा दिसतात दोन प्रचंड बसलेले पुतळे. त्यांना मेम्नॉनचे पुतळे म्हणतात, पण ते आहेत आमेनहोतेप तिसरा या राजाचे. उंची सुमारे १८ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी. त्यांच्या मागं त्याचं भलं मोठं देऊळ होतं. ते भूकंपात पडलं, पुराच्या पाण्यानं खचलं, आणि पुढं लोकांनी दगडही उचलून नेले. मालक गेला, देऊळ गेलं, दारातले दोघं राखणदार मात्र बसलेले आहेत.

तिथून गाडी डोंगरात शिरते आणि राजांच्या दरीत येते. आपली अजिंठ्यातली सगळ्यात जुनी लेणी साधारण २२०० वर्षांची. ही थडगी त्याहून हजार वर्षांनी जुनी. त्याआधीचे राजे पिरॅमिड बांधायचे. पण पिरॅमिड लांबून दिसतो आणि चोरालाही दिसतो. राजाबरोबर सोनं पुरलेलं असायचं, कारण मेल्यानंतरही माणूस जगतो, त्याला खायला, ल्यायला, बसायला सगळं लागतं अशी त्यांची श्रद्धा. म्हणून पुढच्या राजांनी डोंगराच्या पोटात खोल भुयारं खोदून घेतली. या दरीत अशी ६०हून जास्त थडगी सापडली आहेत. साध्या तिकिटात सहसा तीन बघायला मिळतात. भुयारात वाटाड्याला बोलायची परवानगी नसते, म्हणून तो बाहेरच चित्रं दाखवून समजावतो आणि आपण एकट्यानं आत जायचं.

आत उतार आहे, पायऱ्या आहेत, आणि भिंतींवर रंग. पिवळा, निळा, लाल, काल लावल्यासारखे. सूर्यदेव रात्रीच्या बारा तासांत पाताळातून कसा प्रवास करतो आणि सकाळी पुन्हा कसा जन्मतो, याची ती चित्रं. राजानंही तसंच पुन्हा उठावं म्हणून ती काढलेली. पण आपल्या श्वासातल्या आणि घामातल्या ओलीनं हेच रंग खराब होतात. म्हणून काही थडगी आळीपाळीनं बंद ठेवतात. भिंतीला हात लावायचा नाही, हे तिथं फार कडक आहे.

इतकं लपवूनही चोरांनी जवळपास सगळी थडगी फोडली. शेवटी पुजाऱ्यांनी राजांची शवं उचलून डोंगरातल्या एका गुप्त जागी एकत्र ठेवली. ती १८८१ मध्ये पुन्हा उजेडात आली. आज ती कैरोच्या संग्रहालयात आहेत. एकच थडगं जवळजवळ भरलेलं मिळालं, ते तुतनखामेन या तरुण राजाचं. हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला ते ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडलं. आत ५०००हून जास्त वस्तू होत्या. त्या नोंदवून बाहेर काढायला १० वर्षं लागली. आणि ते वाचलं कशामुळं? दुसऱ्या एका राजाचं थडगं खोदताना कामगारांनी राहायला झोपड्या बांधल्या होत्या, त्या नेमक्या याच्या तोंडावर आल्या. मजुरांच्या झोपड्यांखाली राजाचं सोनं झाकून गेलं. या मजुरांना लक्षात ठेवा. आपल्याला त्यांच्याच गावी जायचं आहे.

त्याआधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक देऊळ बघू. उभा कातळ आणि त्याच्या पायाशी एकावर एक तीन ओटे, मधून चढण, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. हे देऊळ बांधून घेतलं एका बाईनं. तिचं नाव हातशेपसूत. सुमारे ३५०० वर्षांपूर्वी ती इजिप्तची राजा होती. राणी म्हणत नाही, मुद्दाम राजा म्हणतेय. तिचा नवरा वारला तेव्हा गादीचा वारस तिचा सावत्र मुलगा होता, पण तो लहान होता. ती आधी त्याच्या नावानं कारभार बघायला लागली आणि काही वर्षांत तिनं स्वतःच राजाची पदवी घेतली. सुमारे वीस वर्षं तिनं राज्य केलं.

राजा म्हणजे पुरुष, असा तिथला शिरस्ता. मग पुतळ्यांत आणि चित्रांत तिनं स्वतःला पुरुषी वेशात दाखवलं, राजे लावतात तशी खोटी दाढीसुद्धा लावली. देवळाच्या भिंतीवर तिच्या कारभाराची चित्रं आहेत. त्यातलं एक बघण्यासारखं आहे. तिनं पुंत नावाच्या दूर देशी गलबतं पाठवली. ती काय घेऊन आली? सोनं, हस्तिदंत, माकडं, आणि सुगंधी धुपाची झाडं. झाडं मुळासकट टोपल्यांत घालून, माणसांच्या खांद्यावरून गलबतात चढवताना दाखवली आहेत. रोपवाटिकेतून रोपं आणताना आपण माती सुटू नये म्हणून जपतो, अगदी तसं.

तिच्यानंतर सावत्र मुलगा राजा झाला. तो थोर राजा होता. पण त्याच्या राज्याच्या शेवटी शेवटी हातशेपसूतचं नाव आणि चेहरा भिंतीवरून छिन्नीनं खरवडून काढायला सुरुवात झाली. तिचे पुतळे फोडून खड्ड्यात टाकले. पुढं राजांच्या याद्या कोरल्या, त्यात तिचं नाव घातलंच नाही. वीस वर्षं राज्य केलेली बाई यादीतून गायब.

ती परत सापडली कशी, ते ऐका. इजिप्तची जुनी चित्रलिपी कुणाला वाचता येत नव्हती. फ्रान्सच्या शांपोल्यों या विद्वानानं १८२२ मध्ये ती उलगडली. पुढं तो या देवळात आला तेव्हा कोड्यात पडला. चित्रात दाढीवाला राजा, आणि शेजारच्या मजकुरात त्याच्यासाठी बाईची रूपं. आपल्याकडं 'तो आला', 'ती आली' असं वेगळं होतं ना, तसंच त्यांच्या भाषेतही होतं. नाव खरवडणाऱ्यांनी नाव काढलं, पण जागोजागी 'ती' राहून गेली होती. त्या धाग्यावरून पुढच्या अभ्यासकांनी तिला शोधून काढलं.

आता चला मजुरांच्या गावी. देवळापासून जवळच, डोंगराच्या एका घळीत हे गाव आहे. आजचं नाव दैर अल-मदीना. राजांची थडगी खोदणारे, कोरणारे, रंगवणारे कारागीर बायकापोरांसह इथं सुमारे ४०० वर्षं पिढ्यान् पिढ्या राहिले. सभोवती कूस आणि आत सुमारे ७० घरं एकमेकींना चिकटून. आज कमरेएवढ्या भिंती उभ्या आहेत, त्यामुळं घराची रचना कळते. घर अरुंद आणि लांब, खोलीमागं खोली. शेवटी उघडं स्वयंपाकघर, तिथं भट्टी आणि धान्य दळायचा दगड. आपलं गोल फिरणारं जातं नव्हे, पाटा-वरवंट्यासारखा दगड, गुडघे टेकून पुढं मागं रगडायचा. वर जायला जिना, कारण गच्चीवर झोपायची आणि बसायची सोय.

गावात पाणी नाही. विहीर नाही, ओढा नाही. खालून नदीकडून गाढवांवर पाणी यायचं, मापून वाटलं जायचं. टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको. त्यांनी गावाबाहेर विहीर खणायचा प्रयत्न केला. खणत खणत सुमारे ५० मीटर खाली गेले. पाणी काही लागलं नाही. मग एवढ्या मोठ्या खड्ड्याचं करायचं काय? गावानं त्यात कचरा टाकायला सुरुवात केली.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर याच खड्ड्यात आहे.

या गावात लिहिता येणारी माणसं बरीच होती, कारण थडग्यात अक्षरं कोरायची म्हणजे अक्षरओळख हवीच. पण तिथला कागद, पपायरस, महाग होता. म्हणून रोजच्या नोंदी ते चुनखडीच्या चिपांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापरांवर शाईनं लिहीत. काम झालं की चीप कचऱ्यात. अशा हजारो चिपा त्या खड्ड्यातून आणि आसपासच्या ढिगाऱ्यांतून निघाल्या. राजांच्या भिंतींवर राजांची स्तुती आहे. कष्टाच्या माणसांची खरी हकिगत मात्र या रद्दीतून कळली.

काय आहे त्यांत? आपल्या वहीत असतं तेच. कामगारांना छिन्न्या सरकारी मिळायच्या. त्या वजन करून द्यायच्या आणि वजन करून परत घ्यायच्या, म्हणजे धातू चोरीला जायला नको. अंधाऱ्या भुयारात दिवे लागायचे, त्यांच्या वाती मोजून दिलेल्या, त्याचा हिशोब. धोब्याकडं दिलेल्या कपड्यांच्या याद्या. काही याद्यांत कपड्यांची चित्रं काढून पुढं ठिपके दिले आहेत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही किती नग ते कळावं. ज्या बाया म्हणतात, मला लिहिता येत नाही, मी काय हिशोब ठेवणार, त्यांनी हे ठिपके ध्यानात ठेवावेत.

एक मोठी चीप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरा रामसेस या राजाच्या ४०व्या वर्षातलं ते हजेरीपत्रक आहे. कोण कोणत्या दिवशी आला नाही आणि का, असं माणसावार लिहिलंय. कुणी आजारी, कुणाचे डोळे आले, कुणाला विंचू चावला, कुणाच्या घरी मयत, कुणी घरी बियर गाळत होता. आणि काहींच्या नावापुढं कारण आहे, बायकोची किंवा मुलीची पाळी. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी, सरकारी हजेरीत, पुरुषाच्या रजेचं कारण म्हणून. आपण अजून दुकानातून पॅड आणताना काळ्या पिशवीत घालून आणतो.

मजुरी पैशात नसायची, कारण पैसा हे चलन तेव्हा नव्हतंच. महिन्याला धान्य मिळायचं. साध्या कारागिराला सुमारे ४०० लिटर, त्यात बराचसा गहू आणि थोडं सातू. तो गहू कुठला, माहीत आहे? आपल्या खपली गव्हाच्याच जातीचा. सांगली-साताऱ्याकडं अजून पेरतात, खीर करतात, तोच.

तिसरा रामसेस राजाच्या काळात, इसवीसनापूर्वी ११५७च्या सुमाराला, हे धान्य वेळेवर येईना. दिवसामागून दिवस गेले. मग एक दिवस सगळे कामगार हत्यारं खाली ठेवून गावाबाहेर पडले आणि एका देवळाच्या मागं जाऊन बसले. अधिकारी आले, समजूत घातली, परत जा म्हणाले. ते हलले नाहीत. आम्ही भुकेनं आणि तहानेनं इथवर आलोय, आमच्याकडं कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, असं त्यांनी सांगितलं. जगातल्या लेखी नोंद असलेल्या संपांमधला हा पहिला मानतात. त्यांना थकलेलं धान्य मिळालं, पुन्हा थकलं, पुन्हा ते बसले. गावच्या लेखनिकानं तारीखवार सगळं लिहून ठेवलं, म्हणून आज आपण ते सांगू शकतो. तो पपायरस इटलीतल्या तुरीन शहरात आहे.

आता या गावातल्या एका बाईची गोष्ट. तिच्यासाठीच मी ही सहल काढली. तिचं नाव नौनख्त. पहिला नवरा लेखनिक होता, वयानं बराच मोठा. त्याच्यामागं दुसरं लग्न एका कामगाराशी झालं आणि आठ मुलं झाली. नौनख्त म्हातारी झाली. मुलांपैकी काही विचारपूस करायची, काही ढुंकूनही बघेनात. इसवीसनापूर्वी ११४५च्या सुमाराला ती गावच्या न्यायसभेपुढं उभी राहिली. मुकादम, लेखनिक, कारागीर, असे १४ साक्षीदार बसलेले. तिनं सांगितलं की, मी या देशाची स्वतंत्र बाई आहे. या आठ जणांना मी वाढवलं, संसाराला लागेल ते सगळं दिलं. आता मी म्हातारी झाले. ज्यांनी माझ्या हातात हात दिला त्यांना माझं देणार, ज्यांनी दिला नाही त्यांना नाही.

मग एकेकाचं नाव घेऊन तिनं कुणाला काय ते सांगितलं. चांगलं वागणाऱ्या एका मुलाला बाकीच्यांपेक्षा जास्तीचं एक काशाचं भांडं दिलं. ज्यांना वगळलं त्यांची नावंही लिहून घेतली. वडिलांच्या हिश्शातलं त्यांना मिळेल, माझ्या तिसऱ्या हिश्शातलं नाही, असं स्पष्ट केलं. त्या समाजात नवराबायकोच्या सामाईक मिळकतीत बायकोचा एक तृतीयांश वाटा असायचा आणि बाई आपल्या नावावर मालमत्ता ठेवू शकायची, विकू शकायची, न्यायसभेत दाद मागू शकायची. पुढं तिचा नवरा आणि मुलं पुन्हा न्यायसभेपुढं आली आणि हे आम्हाला मान्य आहे असं सांगून गेली. ते मृत्युपत्र आज इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे.

नौनख्त राणी नव्हती. तिला पाणीही मापून मिळायचं. पण तिचा वाटा तिचा होता, आणि तिनं तो बोलून, साक्षीदार ठेवून, लिहून ठेवला.

या गावात आणखी एक जागा चुकवू नका. सेन्नेजेम या कारागिराचं थडगं. राजांची थडगी खोदणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःसाठीही छोटी थडगी खोदली. अरुंद पायऱ्या उतरून गेलं की एकच कमानदार खोली, घरातल्या देवघरासारखी. भिंतीवर मेल्यानंतरच्या सुखाच्या जगाचं चित्र आहे. त्यांच्या स्वर्गातही शेती आहे. सेन्नेजेम औत हाकतोय आणि मागून त्याची बायको बी टाकत चाललीय. तो विळ्यानं पीक कापतोय आणि ती मागं आहे. दोघंही शुभ्र कपड्यांत. स्वर्गातलं शेत दोघांचं, आणि कामही दोघांचं. आपल्याकडं पेरणीपासून खळ्यापर्यंत राबते बाई, आणि सातबाऱ्यावर शेतकरी कोण, ते तुम्हीच सांगा.

दुपार झाली. जेवून नदी ओलांडू. होडीवाला, राखणदार, कुणी काही दाखवलं की हात पुढं करतो आणि शब्द म्हणतो तो आपलाच, 'बक्शीश'. फारसीतला हा शब्द इकडंही आला, तिकडंही गेला.

पूर्व काठावर कार्नाकचं देऊळ. एक देऊळ म्हणायचं, पण ते देवळांचं गावच आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास राजे त्यात भर घालत राहिले. आतल्या मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत. मधले १२ सुमारे २१ मीटर उंच, आणि इतके जाड की कवेत घ्यायला चारपाच बायकांनी हात धरावेत तरी पुरायचे नाहीत. एवढे खांब उभे कसे केले? एक रीत अशी होती की, दगडाच्या थराबरोबर मातीचाही भराव चढवत जायचं, वर पोचलं की भराव काढत काढत खाली यायचं आणि येता येता कोरीव काम आणि रंग पूर्ण करायचे.

त्या मंडपाच्या पुढं एक उंच टोकदार दगडी स्तंभ दिसतो. सुमारे ३० मीटर उंच, एकसंध लाल ग्रॅनाइटचा, वजन ३०० टनांहून जास्त. तो आस्वानच्या खाणीतून नदीवाटेनं आणला. तो उभा केला हातशेपसूतनं. तिचीच सकाळची गोष्ट पुढं इथं येते. स्तंभाच्या पायाशी तिनं कोरून ठेवलंय की, खाणीतून काढून पूर्ण करायला सात महिने लागले. पुढच्या काळात लोक हे बघतील तेव्हा काय बोलतील, या विचारानं तिचं मन खालीवर होतं, असंही तिनं त्यात म्हटलंय. राजा झाली तरी बाईला ती काळजी होतीच.

तिच्यानंतर या स्तंभाभोवती भिंत बांधली गेली. टोक तेवढं वर दिसत राहिलं, मजकूर झाकला गेला. आणि झालं काय, तर भिंतीच्या आत तो ऊनवाऱ्यापासून वाचला. भिंत ढासळली तेव्हा खालची अक्षरं ठसठशीत बाहेर आली.

कार्नाकपासून लक्सरच्या देवळापर्यंत सुमारे पावणेतीन किलोमीटरचा जुना रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दगडी मूर्तींच्या रांगा. शहराखाली गाडला गेलेला हा रस्ता मोकळा करून नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. सणाला देवाची पालखी याच वाटेनं निघायची. देवाची मूर्ती छोट्या होडीत बसवायची आणि ती होडी पुजारी खांद्यावर घ्यायचे. लक्सरच्या देवळात संध्याकाळी दिवे लागतात. दारात एकच स्तंभ आहे, त्याचा जोडीदार पॅरिसला नेऊन १८३६ मध्ये उभा केला. आत देवळाच्या जुन्या भिंतींवरच एक मशीद आहे, तिथं आजही नमाज होतो. देऊळ मातीखाली गेलं होतं तेव्हा ती वर बांधली, आता खालची माती काढल्यावर तिचं जुनं दार वर अधांतरी राहिलंय.

इथं आपली सहल संपते. आता काकूंना उत्तर देते.

काकू, वही रद्दीत जाईल, खरं आहे. पण हातशेपसूतला पुसायला निघालेल्यांना सगळं पुसता आलं नाही, कारण तिचं नाव एका जागी नव्हतं, अनेक जागी लिहिलेलं होतं. आणि नौनख्तचा वाटा कुणाला हाणून पाडता आला नाही, कारण तो १४ जणांसमोर कागदावर आला होता. ज्या बाईनं आयुष्यभर राबून कुठंच नाव लावलं नाही, तिचं म्हातारपणी काय होतं, ते आपल्याला इजिप्तला न जाता माहीत आहे. प्रत्येक गावात अशी एखादी आजी ओट्यावर बसलेली असते, दोन मुलांच्या दोन घरांत वाटून घेतलेली.

म्हणून येत्या बैठकीत तीन कामं करूया. एक, प्रत्येकीनं आपल्या पासबुकावरच्या आणि गटाच्या वहीतल्या नोंदी जुळवून बघायच्या. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्यायच्या आणि ठिपके देऊन का होईना, आपला हिशोब आपल्याजवळ ठेवायचा. दोन, घराच्या उताऱ्यावर आणि शेताच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का ते बघायचं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं, तलाठ्याकडं विचारा. तीन, जिच्या स्वतःच्या नावावर काही असेल तिनं मृत्युपत्राचा विचार करायचा. ते साध्या कागदावरही चालतं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. नौनख्तला १४ साक्षीदार लागले, आपल्याला दोन पुरतात. गटात तर आपण दहाजणी आहोत.

आणि सचिव ताई, इतिवृत्त लिहिताना नुसतं 'सर्व सदस्य हजर' असं लिहू नका. एकेकीचं पूर्ण नाव लिहा. कोण आलं नाही तेही लिहा, आणि का ते विचारून लिहा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.